रॅम अडवा, रॅम जिरवा

रात्री साडेनऊनंतर माझ्या खोलीत दोन माणसं भांडतात, असा समोरच्या मावशींचा ठाम समज आहे. त्यातला एक भरभर बोलतो, दुसरा जरा मागून बोलतो, आणि दोघंही एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. भांडणाचा विषय कळत नाही, कारण दोघं इंग्रजीत भांडतात. मधूनच तिसरा, म्हणजे मी, "अरे गप्प बस!" म्हणून ओरडतो, ते मात्र मराठीत असल्यामुळे सगळ्या गल्लीला कळतं. एकदा आईनं दाराशी येऊन कानोसा घेतला.

"कोन बोली राहिनं रे तुनी खोलीमा?"

"कोणी नाही. कॉम्प्युटर आहे."

"एक नही, दोन शेतस."

"दुसरा पहिल्याच्या आत आहे."

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यासनाकरता भाकरी टाकू का?"

मला दिसत नाही. त्यामुळे पडद्यावरचं वाचून दाखवायला माझ्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर असतो. माझा म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध मित्रांची ही करणी. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली, २००६ मध्ये करननं हा प्रोग्राम लिहायला घेतला, आणि दोघांनी मिळून तो जगाला फुकट वाटला. फुकट आहे म्हणून गडी कामात कसूर करत नाही. पडद्यावर असेल ते सगळं सांगतो. रिकाम्या ओळीवर गेलो तर "ब्लँक" म्हणतो. इथे काही नाही, हेसुद्धा सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. सवयीनं मी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय, की परक्या कानाला ते स्तोत्र वाटतं. चोपड्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी दारातच चपला काढून हात जोडले होते म्हणे. तेव्हा तो जीएसटीचं बिल वाचत होता.

माझं काम वेबसाइट तपासण्याचं. अंध माणसाला ती वापरता येते का, चित्राखाली काही लिहिलंय का, बटणांना नावं आहेत की नुसतंच "बटण, बटण, बटण" ऐकू येतंय, हे बघायचं आणि पुण्याच्या एका कंपनीला रिपोर्ट पाठवायचा. हे काम करणं सोपं. नातेवाइकांना समजावणं महाकठीण. त्यांच्या हिशेबी अंधांना तीनच धंदे जमतात: टेलिफोन ऑपरेटर, खुर्च्या विणणं आणि हार्मोनियम. एकदा दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, सगळं नीट बसवून घ्यायचं ठरवलं.

"म्हणजे वेबसाइट आंधळ्याला वापरता आली नाही, तर कंपनी तुला पैसे देते?"

"हो."

"आणि आली तर?"

"तरी देते."

दाजींनी बराच विचार केला. "चांगलं आहे," ते म्हणाले, "पण टेलिफोन ऑपरेटरला पेन्शन असते."

तर त्या कंपनीनं एके दिवशी कळवलं, की यापुढे प्रत्येक वेबसाइट विंडोज १० वर तपासा, ११ वर तपासा, एनव्हीडीएनं तपासा, जॉजनं तपासा, नॅरेटरनं तपासा. हे दोघंही स्क्रीन रीडरच. लॅपटॉप एक. मी भाच्याला विचारलं. भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे. शिरपुरात दगड मारला तर तो इंजिनिअरिंगच्या पोराला लागतो, आणि नाही लागला तर फार्मसीच्या.

"सोपं आहे मामा. व्हर्च्युअल मशीन टाका. कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर."

"आत कुठे?"

"आत म्हणजे आतच. खरा नसतो तो, पण त्याला वाटतं की आपण खरे आहोत."

असे लोक माझ्या ओळखीचे होते, पण कॉम्प्युटर नव्हता. भाच्यानं मग शिरपूरच्या माणसाला कळेल असं सांगितलं. "मामा, आपल्याकडे नाले खोल केले, रुंद केले, बंधारे घातले, पाणी तिथेच अडवलं आणि जिरवलं. तसंच हे. तुमच्या लॅपटॉपची आठ जीबी रॅम आहे. त्यातली चार अडवायची, आत जिरवायची. त्यावर आतलं मशीन चालतं."

पाणी अडवण्याचा हा शिरपूर पॅटर्न २००४ मध्ये सुरू झाला. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकरांनी तो उभा केला, आणि तो बघायला कुठून कुठून माणसं आली. आमच्या लहान पोरांनाही बंधाऱ्याचं गणित पाठ आहे. त्यामुळे भाच्याचं म्हणणं मला तत्काळ पटलं. फक्त एक गोष्ट तो सांगायला विसरला. पाण्याच्या बाबतीत अडवलेलं सगळ्या शिवाराला मिळतं. रॅमच्या बाबतीत आतल्यानं चार घेतली, की बाहेरच्याच्या विहिरी कोरड्या पडतात. आतलं मशीन सुरू केलं रे केलं, की बाहेरचा एनव्हीडीए "विं... डोज... टे..." असं बोलायला लागायचा.

पण ही पुढची गोष्ट. आधी ते सुरूच होईना. व्हर्च्युअल मशीन चालायला प्रोसेसरमधली एक सोय बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. बायोस म्हणजे विंडोज उठायच्या आधीचा मुलूख. तिथे स्क्रीन रीडर पोचत नाही. विंडोजच नाही तर तो उभा कुठे राहणार? तिथे डोळसच लागतो. भाचा सबमिशनमध्ये अडकलेला. घरात डोळस म्हणून दाजी होते. दाजींची नजर अजून बिनचष्म्याची आहे, हे ते कुठल्याही विषयावर बोलताना सांगतात.

लॅपटॉप सुरू करता करता एफ टू दाबलं.

"दाजी, काय दिसतंय?"

"निळं आहे."

"निळ्यावर काय लिहिलंय?"

"इंग्रजी."

"काय इंग्रजी?"

"पुष्कळ आहे."

"त्यात व्हर्च्युअलायझेशन असा शब्द शोधा. व्हीपासून सुरू होतो. लांबलचक आहे."

"व्ही... व्ही... बॅटरी आहे एक."

"त्यात व्ही कुठे आहे?"

"नाही. पण बॅटरी महत्त्वाची असते."

बाणांची बटणं दाबत दाबत आम्ही पानं उलटली. तारीख, वेळ, पंखा, पुन्हा बॅटरी. शेवटी दाजी ओरडले, "सापडलं! इंटेल व्हर्च्युअल... पुढचं तेच असणार. आणि त्याच्यासमोर लिहिलंय, डिसेबल्ड." क्षणभर थांबून म्हणाले, "तुझ्यासाठीच ठेवलंय वाटतं."

"ते एनेबल्ड करा."

"सरकारला जमलं नाही, मला कुठून जमणार!" असं म्हणून स्वतःच हसून त्यांनी ते केलं. मी म्हणालो, आता एफ टेन दाबून सेव्ह करा. पण दाजींच्या मते कुठूनही बाहेर पडायचं बटण एस्केप. त्यांनी ते दाबलं. काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण पाठोपाठ एंटरचाही आवाज आला.

"काय विचारत होतं?"

"विचारत होतं काहीतरी. मी यस केलं. नो म्हटलं की ते बसूनच राहतं."

बदल टाकून द्यायचे का, असं ते विचारत होतं. दाजींनी हो म्हटलं होतं.

इथे मला डोळस समाजाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. मला प्रत्येक सूचना ऐकावीच लागते. "तुम्ही खरंच पुसून टाकू इच्छिता का" हे मी शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत ऐकतो. डोळस माणसासमोर तीच सूचना आली, की तो माशी हाकलावी तसा यस दाबतो. काय होतं विचारलं तर "काही नाही, एरर होता" म्हणतो. कसला एरर? "नेहमीचा." माझा एनव्हीडीए रिकामी ओळसुद्धा वाचतो आणि दाजी भरलेली वाचत नाहीत. आणि जगात मदतनीस म्हणून मान दाजींना आहे.

शेवटी मी फोनवर 'बी माय आइज' उघडलं. डेन्मार्कच्या हान्स विबर्ग यांच्या डोक्यातून निघालेलं हे ॲप २०१५ मध्ये आलं. त्यांनाही कमी दिसतं. आपण कॅमेरा धरायचा; जगातला कोणीतरी अनोळखी स्वयंसेवक पलीकडून बघून सांगतो. मी भाषा हिंदी निवडली होती. एका बाईंचा आवाज आला. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, बदल करवून घेतला, एफ टेन दाबायला लावलं, पुढचा प्रश्न पूर्ण वाचून दाखवला. इतकी शिस्तशीर डोळस व्यक्ती मला त्याआधी भेटली नव्हती. जाताना गाव विचारलं. शिरपूर म्हणताच म्हणाल्या, "वही, पानीवाला शिरपूर?" मला भरून आलं. तेवढ्यात फोन हलला असावा. "भैया, आपके पीछे कोई खड़े हैं, हाथ हिला रहे हैं."

दाजी होते.

मग विंडोज आत बसवायचं. बसवताना पडदा वाचून दाखवायची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली आहे: कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं, की नॅरेटर उठतो. मी दाबलं. नॅरेटर उठला, पण बाहेरचा. कीबोर्ड तेव्हा आत गेलेलाच नव्हता. आता बाहेर एनव्हीडीए आणि नॅरेटर दोघं एकाच खिडकीबद्दल बोलायला लागले, आणि जिच्याबद्दल बोलत होते ती आत मुकी पडलेली. बाहेरच्या स्क्रीन रीडरला आतलं मशीन म्हणजे नुसतं एक चित्र. तो नाव सांगतो, "विंडोज टेन, रनिंग", आणि गप्प बसतो. कोण रनिंग, कुठे रनिंग, कुणाच्या मागे रनिंग, पुढे काही नाही.

एकदाचं आतलं बोलायला लागलं. मग काही फायली बाहेरून आत पाठवल्या. एनव्हीडीए अशा वेळी प्रगतीची पट्टी टूं टूं वाजवून दाखवतो, काम जसं पुढे जाईल तसा स्वर चढत जातो. रॅम अडलेली असल्यामुळे आमची प्रगती अर्धा तास चढत होती. समोरच्या काकांना वाटलं ट्रक रिव्हर्स येतोय. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि बराच वेळ "येऊ द्या, येऊ द्या" करत उभे राहिले.

खरं महाभारत मात्र इन्सर्ट बटणावरून झालं. एनव्हीडीएचे बहुतेक हुकूम इन्सर्ट धरून द्यायचे असतात. आत एनव्हीडीए, बाहेर एनव्हीडीए, आणि कीबोर्डवर इन्सर्ट एकच. बाहेरचा आधी बसलेला. तो इन्सर्ट दारातच गिळतो. इन्सर्ट आणि एफ ट्वेल्व्ह दाबून आतल्याला वेळ विचारावी, तर बाहेरचा सांगतो. बरं, दोघांची वेळ एक असती तरी चाललं असतं. आतलं मशीन बंद न करता मी थोपवून ठेवलेलं, त्यामुळे आत अजून मंगळवारच चालू होता. बाहेर शुक्रवार उजाडलेला. दोघंही आपापल्या वाराबद्दल ठाम. दोघांचा आवाजही एकच, ईस्पीक नावाचा यांत्रिक आवाज, टिनपाट आणि करारी. कोण कुठल्या वारातून बोलतोय, कळायला मार्ग नाही.

भाचा म्हणाला, "आवाज वेगळे करा ना मामा." ईस्पीकमध्ये आवाजांच्या बऱ्याच जाती आहेत. एकाचं नाव क्रोक, तो घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखा बोलतो. एक व्हिस्पर, तो कुजबुजतो. मी बाहेरच्याला क्रोक दिला, आतल्याला व्हिस्पर. दुसऱ्या दिवशी मावशी आईला सांगत होत्या, "भांडत होते तेच बरं होतं. आता काहीतरी शिजतंय."

बाहेरच्याला झोपवायचीही युक्ती आहे. इन्सर्ट, शिफ्ट आणि एस दाबलं, की त्या खिडकीपुरता तो झोपतो आणि इन्सर्ट सुखरूप आत पोचतं. मी झोपवला. नेमका त्याच वेळी आतल्याचा आवाज गेला. बाहेरचा झोपलेला, आतला मुका. ऑल्ट टॅब दाबून बाहेर पडावं, तर ते ऑल्ट टॅबही आतच जाऊन पडतं. कीबोर्ड आतून सोडवायला माझ्या प्रोग्राममध्ये उजवं कंट्रोल दाबायचं असतं, हे त्या शांततेत मला आठवेना. बऱ्याच दिवसांनी घरात इतकं शांत झालं होतं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "मिटनं का भांडन?"

आत आहोत की बाहेर, हे न कळण्याचे परिणाम पुढे कुटुंबालाही भोगावे लागले. आतल्या मशीनचा पासवर्ड मी भक्तिभावानं टाइप केला, एंटर दाबलं, आणि तो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. त्यात कॅपिटल अक्षर होतं, आकडा होता, डॉलरचं चिन्ह होतं. कंपनीला हवं ते सगळं होतं. आत्याचा लगेच अंगठा आला. एका काकांनी हात जोडले. दाजींनी तो आणखी दोन ग्रुपवर फॉरवर्ड केला.

जॉजचं प्रकरण वेगळं. तो विकत घ्यायचा स्क्रीन रीडर. मोटारसायकलच्या शर्यती मारणारा टेड हेंटर नावाचा अमेरिकन गडी १९७८ मध्ये मोटार अपघातात अंध झाला आणि पुढे १९८९ मध्ये त्यानं हा आणला. विकत न घेता चालवला तर तो चाळीस मिनिटं बोलतो आणि मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला लावतो. म्हणून तो आतल्या मशीनमध्येच ठेवायचा, म्हणजे रीस्टार्ट आतल्या आत होतो. कागदावर बिनतोड. प्रत्यक्षात माझं आतलं मशीन उठायलाच इतका वेळ घ्यायचं, की भाकरीचा तवा तापून भाकरी होऊन ती खाऊनही व्हायची. दाजींना या जॉजचं भारी आकर्षण.

"ती प्रांजल पाटील आहे ना, उल्हासनगरची, पूर्ण अंध, आयएएस झाली. २०१७ च्या निकालात १२४ वा क्रमांक. जॉज वापरूनच अभ्यास केला तिनं, पेपरात होतं."

"हो दाजी, माहीत आहे."

"मग तुझ्या जॉजला काय झालंय?"

दाजींनी आयुष्यात पूर्ण वाचलेली ती एकच बातमी असावी, आणि ती माझ्यासाठी.

एकदा ऐन रिपोर्टच्या रात्री लाइट गेली. वायफाय गेलं, रिपोर्ट तिथेच राहिला. घरात सगळे मेणबत्ती शोधत एकमेकांच्या पायावर पाय देत होते, दाजींनी कपाटाला डोकं आपटलं. मी 'स्पर्शज्ञान' काढून वाचत बसलो. स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. त्याला रॅम लागत नाही. "या अंधारात वाचतोस कसा?" असं दाजींनी विचारलंही. कपाळाला हळद लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आता राहिला पडद्याचा मुद्दा. एसटीत लॅपटॉप उघडला, की शेजारचा प्रवासी माझा मेल माझ्याआधी वाचतो. डोळस माणूस स्वतःसमोरचं काही वाचत नाही, दुसऱ्याचं मात्र मन लावून वाचतो. नरडाण्याच्या आसपास एकानं मला "साहेबांना असं लिहू नका" असा सल्लाही दिला होता. त्यावर उपाय म्हणून एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन आहे. तो टाकला की पडदा पूर्ण काळा. काम चालू, आवाज चालू, दिसत काही नाही. मला फरक पडत नाही, प्रवाशाची गैरसोय होते. मी तो कायमचा टाकून ठेवला, बाहेरही आणि आतही.

दाजींनी मला काळ्या पडद्यासमोर तासभर टाइप करताना पाहिलं आणि त्यांचं मन द्रवलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नसेल, पण तुझा डिस्प्ले गेलाय." मी समजावायच्या आत लॅपटॉप त्यांच्या काखेत होता. मी मागोमाग निघालो. बसस्टँडजवळच्या एका दुकानात दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पॅनेल गेलं. बदलावं लागेल."

"अहो, पॅनेल चांगलं आहे. मी पडदा टाकलाय," मी म्हणालो.

"यांना दिसत नाही," दाजींनी त्याला हळूच सांगितलं.

मी हात पुढे करून बाहेरचा कर्टन काढला.

"आला! आला!" दाजी ओरडले.

"आला," दुरुस्तीवाला म्हणाला, "पण मधला भाग गेलाय. हे बघा, चौकोनी काळं. कडेकडेनं चांगलं आहे."

"तो आतल्या मशीनचा पडदा आहे," मी म्हणालो. "तो वेगळा काढावा लागतो."

"आत अजून एक मशीन आहे?"

"आहे ना," दाजी माझ्याआधी म्हणाले. "चार जीबी आत अडवलेली आहे."

त्यानं लॅपटॉप उलटा केला. बोटांनी खालचे स्क्रू मोजल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आधी सांगायचं ना. दोन मशीनच्या चेकिंगचे पैसे होतील."